चाराचे आठ

३ जानेवारी
संकल्प: वाघ वाचवायचे. संस्थेतली भागीदारी आणि नवकल्पना, दोन्ही खाती साहेबांनी माझ्याकडे दिली. भागीदार मिळाला. गाद्यांची कंपनी. वाघाला गादी लागत नाही, असं बायको म्हणाली. तिला ब्रँडिंग कळत नाही.

९ जानेवारी
जंगलात पायवाटेवर कॅमेरे लावणार. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो. दुकानदार म्हणे, प्रत्येक जागी समोरासमोर दोन लावतात. विकणं हा त्याचा धंदाच. मी एकेकच घेतला. निम्म्या खर्चात पूर्ण जंगल. नवकल्पना म्हणतात ती हीच.

२ मार्च
आठ वाघ. गेल्या वर्षी चार होते. सगळे पूर्ण वाढलेले. एका वर्षात एवढे मोठे कसे झाले, असं साहेबांनी विचारलं. वातावरण चांगलं ठेवलं, म्हणालो.
एक गंमत. चार वाघ फक्त जाताना दिसतात, दुसरे चार फक्त येताना. स्वभाव.

६ मार्च
सत्कार. माझ्या भाषणानं डोळे पाणावले. माझेच.

११ मार्च
बायकोनं फोटो पाहिले. म्हणे, जाणाऱ्यांची डावी बाजू आहे, येणाऱ्यांची उजवी. पट्टे दोन्ही बाजूंना वेगळे असतात, वाघ तेच. तुझ्याही डाव्याच गालावर तीळ आहे, मग मी काय दोन नवरे करून बसले? दोन असते तर एखादा तरी कामाचा निघाला असता, हेही म्हणाली.
अहवाल छापून झालाय. दुरुस्ती पुढच्या वर्षी.

१९ मार्च
वनखातं खूश. म्हणे, एवढ्याशा जंगलात आठ म्हणजे दाटी. चार वाघ दूरच्या जंगलात हलवणार. खरं सांगायला साहेबांकडे गेलो. त्यांनी आधीच सांगितलं, तुमच्या बढतीचा कागद सहीला ठेवलाय, काही बोलायचं होतं का? चहा छान आहे, म्हणालो.
घरी बायकोनं विचारलं, सांगितलंस का? सुरुवात केली, म्हणालो.

२४ मार्च
चौकीवरच्या गार्डचा फोन. साहेब, आहेतच चार. चारही नेले तर मी राखू काय? रडकुंडीला आला होता. भावनेच्या भरात माणसाला आकडेवारी समजत नाही. रेंज जाते आहे, असं सांगून फोन ठेवला.

४ एप्रिल
चार पिंजरे, चार ट्रक. चारही वाघ झटपट सापडले. पिंजऱ्यांत कंपनीच्या गाद्या. ट्रक फाटकाबाहेर पडण्याआधीच कापूस उडाला.
गार्ड फाटकाशी उभा होता. मला सलाम ठोकला नाही. शिस्त सुटत चालली आहे.

१५ मे
बढती झाली. कॅमेऱ्यांत महिनाभर नुसती हरणं. उरलेले चार लाजाळू असावेत. अहवालात चार लिहिले.

२१ मे
कंपनीच्या मालकांना जंगल दाखवायला नेलं. ते जीपमधून उतरायला तयार नव्हते. मी उतरलो, नाल्यातल्या दाट गवतातून एकटा पलीकडे गेलो आणि परत आलो. मालक म्हणाले, छातीचा माणूस आहात. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.
मला जराही भीती वाटली नाही.