वाळलेली नाव

पौष व॥ ४, गुरुवार
गिरणीतल्या साहेबाच्या बंगल्यावर गेलो. साहेब कायमचा विलायतेला चाललाय, सामानाला गाड्या किती लागतील ते बघायचं होतं. व्हरांड्यात तो आणि दुसरा एक साहेब बोलत बसलेले. मला इंग्रजी येत नाही असं दोघांचं मत. बोलता येत नाहीच. पण स्टेशनाच्या मालधक्क्यावर दुसऱ्याची गाडी हाकण्यात निम्मा जन्म गेला, कान काय घरी ठेवले होते? कळलं ते असं : हिप्परग्याच्या तळ्यावर साहेबाची शिडाची नाव आहे, ती कुणी घ्यायला तयार नाही, आणि मुंबईहून आगबोट पुढच्या आठवड्यातच सुटते.
गप्प बसलो. घाई त्याला, मला कुठे?

पौष व॥ ७
सौदा झाला. सगळं सामान मी स्टेशनात पोचवायचं, बदल्यात नाव माझी. साहेबाला वाटलं त्यानं मला गुंडाळलं. वाटू दे.
सौ.ला सांगितलं. तिनं चूल फुंकली, मग म्हणाली, "जमिनीवर गाड्या कमी पडल्या व्हय?"
खरं कारण बोललो नाही. सुशीचं लग्न झालं, पोर करमाळ्याला नांदायला गेली, तेव्हापासून सौ. उंबऱ्याबाहेर नाही. परवा गड्ड्याची जत्रासुद्धा नको म्हणाली. घरात भांडं पडलं तरी बरं वाटावं इतकी शांतता. तळ्यावर एकदा वारा लागला तर

पौष व॥ ११
नाव बघितली. दोन माणसं ऐसपैस, चार अडचणीत. बाजूवर इंग्रजी अक्षरं. साहेबाच्या बटलरनं वाचून दाखवली : मार्गारेट. साहेबाची आई म्हणे. सौ.ला सांगितलं तर, "परक्या बाईच्या मांडीवर मी न्हाय बसायची." लगेच वर डांबर फासलं.
साहेब भला, पण आळशी. एवढी चांगली वस्तू बारा महिने पाण्यात सोडून दिलेली. लाकूड कुजायला किती वेळ? मी भरगाडीवर घालून घरालगतच्या माझ्या गाड्यांच्या अड्ड्यात आणली. छपराखाली, विटांवर, वरून गोणपाट. थेंब लागू देणार नाही. जावयाची बडदास्त.

माघ शु॥ ५
शीड दोन ठिकाणी विरलंय. रहिमानभाईंना बोलावलं. गाड्यांच्या ताडपत्र्या तेच शिवतात. मी गाडीवान होतो तेव्हापासूनची दोस्ती. दाभण चालवता चालवता तोंडही चालू. "क्या सेठ, बैलां नक्को हुए क्या?"
म्हटलं, वाऱ्याला वैरण लागत नाही.
"वैरण नक्को, पन वो सुनता किसकी?"
सौ. चहा घेऊन आली होती, ती हसू दाबत बोलून गेली, "पाडव्याला तरंगली तर आखितीला मी बसंन."
रहिमानभाई उठून उभे राहिले. "हौ भाभी, मैं गवाह."
हे झालं. आता पाडवा, मग अक्षय्य तृतीया.

फाल्गुन शु॥ (तिथी बघायची राहिली)
अड्ड्यात विटांवरच डोलकाठी उभी करून शीड चढवून बघितलं. वावटळ आली. शीड फटकन् फुगलं, नाव विटांवरून खाली, दोन बैल दावी तोडून थेट बाळीवेशीपर्यंत. गाडीवान पोरं पोट धरून हसली. सौ. दारातून बघत होती. दारातून, म्हणजे उंबऱ्याच्या आतूनच. पण बघत होती.

चैत्र शु॥ १, शुक्रवार
लिहू नये असं वाटतंय.
नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, नाव तळ्यात लोटली. मी आत. दोन वावही गेलो नसेन, पायाला गार लागलं. मग घोट्याला. फटीफटीतून पाणी, चाळणच. उडी टाकून ओढत काठाला आणली. नवं धोतर, नवी टोपी.
महादू भोई तिथं मासे धरतो. गुळाची जुनी लोखंडी काहील हीच त्याची होडी, तीत बसून गोल गोल फिरत येतो. म्हणाला, "शेट, आमची काहीलच बरी की. लई रंगरंगोटी न्हाय, पर बुडत न्हाय."
घरी सौ.नं ओलं धोतर बघितलं. काही विचारलं नाही. तेच लागलं.
नाव पुन्हा छपराखाली. सुतार म्हणतो लाकूड उतरलं, जळणाला द्या. सौ. पण म्हणते, "द्या की. कशाला हौस?" म्हणजे आखिती गेली.

चैत्र व॥ ५
दुपारी आत पडलो होतो. रिकामी गाडी अड्ड्यात शिरली, खडक्-खडक्. पडल्यापडल्याच ओरडलो, "डावं चाक वाळलंय रे! धाव निसटंल. हौदात टाक भिजत!"
आणि उठून बसलो.
उन्हाळ्यात चाक वाळतं, आरे-पाटे ढिले पडतात, लोखंडी धाव वाजायला लागते. चाक पाण्यात टाकलं की लाकूड फुगून गच्च. मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच करतोय. आणि नावेला मी सोलापूरच्या उन्हात, कोरड्यात, कौतुकानं
साहेब आळशी नव्हता. गाढव दुसरंच होतं. महादूला तरी कसं कळावं, त्याची काहील लोखंडी.

चैत्र व॥ ७
नाव तळ्यावर नेली. दगड भरले आणि काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात बुडवली. महादू बघत राहिला. म्हटलं, लक्ष ठेव. म्हणाला, "बुडाल्यालीवर? आता आनि कुटं जानार ती?"

चैत्र व॥ ९
गावभर झालं : शेटनी रागानं नाव बुडवली. दूधवालीनं घरी पोचवलं. जेवताना सौ. हळूच, "खरंच बुडीवली? मी बोलले म्हनून?"
सगळं सांगितलं, चाक, हौद. तिचा विश्वास बसला नसावा. पण भाकरीवर तूप रोजच्यापेक्षा जास्त. मी जास्त समजावून सांगितलं नाही. धंद्यात इतकं चालतं.

वैशाख शु॥ १
दगड काढले, पाणी उपसलं. महादू मदतीला. "बुडीवल्याली नाव वर काढाय लावनारं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघितलं." तळाला बोट फिरवून बघितलं, फटी मिटलेल्या. रहिमानभाई शीड घेऊन आले. तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन आलो. आत ओंजळभरही पाणी नाही. वारा समोरून आला की सरळ जायचं नाही, तिरकं जायचं. चढावर भरली गाडी नागमोडी नेतो तसंच. एवढं जमलं. बाकी शिकू.
घरी फक्त, "तरंगली," म्हटलं.
"पाडवा होऊन गेला," सौ. म्हणाली.

वैशाख शु॥ ४
कालचं लिहितोय. आखिती. आमरस झाल्यावर सौ. आपणहून टांग्यात बसली. मी वळून बघितलं नाही, उगाच बिचकायची.
तळ्यावर शिदोरीचं फडकं माझ्या हातात दिलं. "आदी ही जाऊन यिऊ द्या. भाकरी कोरडी आली तर बघू."
भाकरीला घेऊन पलीकडच्या काठाला हात लावून आलो. रहिमानभाई काठावरून ओरडतायत, "भाभी, रोटी की बी तबियत घबराई नहीं!" तिनं फडकं सोडलं. भाकरी दाबून बघितली, उलटी करून बघितली. मग वहाणा काढल्या, एकीला एक जोडून काठावर ठेवल्या, आणि नावेच्या कडेवर हात टेकला.
आणि वारा पडला. पान हलेना. दिवस मावळतीला लागेपर्यंत दोघं काठावर बसून ती कोरडी भाकरी खाल्ली. "सुशीला ह्यात बसवाय पायजे," इतकंच बोलली. टांग्यापर्यंत वहाणा हातातच.
उद्या परत जायचं का, मी विचारलं नाही. तीही नाही.
आता सकाळ. अजून अंथरुणातच आहे. स्वैपाकघरातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येतोय. मोजत नाही, पण दोन माणसांच्या न्याहारीला इतका वेळ लागत नाही. बाहेर चिंचेचा पाला हलतोय.