पॉइंट पाचची पेन्सिल

छकुले,

"हात जड आहे रे तुझा, कागदावर जरा दया कर," असं आमचे हेड ड्राफ्ट्समन पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते. तेच मी तुला ड्रॉइंग शिकवताना वर्षभर ऐकवत राहिलो. काल तू रडवेली होऊन म्हणालीस, "उद्या ड्राफ्ट्समनच्या नोकरीच्या चाचणीला मी जाणारच नाही, बाबा."

टेबलावर पॉइंट पाचची पेन्सिल ठेवली आहे, ती ने. माझी पॉइंट तीनची मुळीच नको. तुझ्या दाबाने तिचं बारीक लीड मोडणारच, आणि मी मात्र तुलाच बोल लावायचो. हिची पुढची नळी लांब आहे, पट्टीच्या कडेला नीट टेकते. रेघ ओढताना बोटांत हळूहळू फिरव.

तोंडावर बोलायचा धीर होत नाही, म्हणून लवकर निघालोय. मला आता बारीक रेघा दिसत नाहीत, पोरी. परवा ऑफिसात साहेबांनी वाखाणलं ते जिन्याचं ड्रॉइंग तुझं होतं. तुझ्या सरावाच्या कागदांतून उचलून मी ते माझ्या नावाने दिलं.

बाबा