आम्ही मूळचे उकिरडे

१४ जून १९९९

नाय बदलायचं म्हणजे नाय. दहादा सांगून झालं. आडनाव काय चादर हाय का, मळली की बदलली?

सून म्हणली, आई, मळलेलीच चादर दिली की तुम्ही आम्हाला. लय बोलायला लागली मोहिनी. घरापुढं पार्लर टाकलंय ना. पेंटरनं बोर्डावर 'उकिरडे ब्युटी पार्लर' लिहिलं तेव्हा हसून हसून त्याचा ब्रश हलत होता. मी म्हणलं, राहू दे गं, गिऱ्हाइकाला आधी उकिरडा दाखवला की मग आरशात बरं वाटतं. दोन दिवस बोलली नाय. बोर्डावर आता नुसतं 'मोहिनी'.

पण ह्या वेळी तिचं नाय, नातीचं हाय. हर्षाली नववीत. वक्तृत्व स्पर्धेत तिचं नाव पुकारलं, सगळा हॉल हसला, ही स्टेजवर गेलीच नाय. तिथूनच घरी. काय बदलायचं ते दहावीचा फॉर्म भरायच्या आत. एकदा सर्टिफिकेटवर छापलं की जन्माचं. मनोज म्हणला, आई, मी तीस वर्षं ऐकतोय, पोरीला नाय ऐकू देणार.

मी हर्षालीला म्हणलं, अगं पाच-सात वर्षं कळ काढ, लग्नात जाईलच की. ती म्हणली, आजी, तुझं तर लग्नातच आलं ना?

मी दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध गॅसवर नव्हतंच.

ठराव: उद्यापासून घरात आडनावाचा इतिहास सांगायचा. इतिहास असला की लाज वाटत नाय.

१६ जून

इतिहास सांगितला. चांदवडच्या बाजूला दरोडेखोर आले. आपल्या पणजोबांनी गावाचा सगळा खजिना उकिरड्यात पुरला. दरोडेखोर नाक धरून पळाले. तेव्हापासून गावानं मानानं पदवी दिली, उकिरडे. हर्षालीनं तोंड उघडं ठेवून ऐकलं. मनोज पेपर वाचत होता पण पान उलटत नव्हता. इफेक्ट चांगला झाला.

२० जून

आज पुन्हा सांगितला, जरा डिटेलमध्ये. तोफा घातल्या, दोन घोडे घातले.

हर्षाली वही घेऊन बसलेली. म्हणली, आजी, बुधवारी पणजोबा होते, आज खापरपणजोबा झाले. मी म्हणलं, चार दिवसांत माणूस म्हातारा होतो.

मोहिनी म्हणली, प्रूफ काय? मी म्हणलं, प्रूफ हाय. सासूबाई मला उठता-बसता म्हणायच्या, तुला उकिरड्यावरून उचलून आणली. म्हणजे शब्द तेव्हापासून घरात होता का नाय? मोहिनी म्हणली, हे मात्र पटलं. तिला काय पटलं कोण जाणे. भांडी जोरात घासत होती.

२७ जून, रविवार

मनोजच्या कंपनीत कोण यादव म्हणून हाय, त्यानं घोळ केला. म्हणला, रामकुंडावरच्या उपाध्यांकडं वह्या असतात, ज्या घरचं कोणी अस्थी घेऊन आलं त्या घरच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं लिहिलेली. आमच्या यांच्या वेळी सगळं घाईत उरकलं, वही कुठली न्‌ काय. पण यांच्या वडलांच्या वेळी हे स्वतः आले होते रामकुंडावर.

मनोज म्हणला, तुझा खजिना खरा निघाला तर आडनाव ठेवू. शब्द देतो.

मी म्हणलं, अवश्य. पुढच्या रविवारी नक्की.

गुडघ्यात जरा कळ येतीय.

४ जुलै

गुडघा.

११ जुलै

गुडघा बरा हाय पण दमट हवेत जुन्या वह्या उघडू नयेत. कागद लय नाजूक असतो. मी सगळ्यांना समजावलं. मनोज म्हणला, आई, तुला वह्यांचं कधीपासून कळायला लागलं? चौथी पास हाय म्हणलं. आमची चौथी म्हणजे तुमचं कॉलेज.

१८ जुलै

शेजारच्या विमलाबाईबरोबर येवल्याला पैठणी बघायला गेले. जाणं भागच होतं. घेतली नाय, बघायलाच गेले होते. विमलाबाई एस्टीत म्हणली, काय हो, पैठणी कोणाला घ्यायचीय? मी म्हणलं, मला. विधवा बाईनं निदान बघावी तरी का नाय? तिनं मला खिडकीची जागा दिली. घरी आले तर मनोजचं तोंड वाकडं.

ठराव: मीच एकटी पुढं जाऊन उपाध्यांशी बोलून ठेवायचं. म्हणजे मग सगळ्यांचा वेळ वाया जायला नको.

२४ जुलै, दुपारी ३

सिटी बसनं पंचवटीला जाऊन आले. प्लॅन सोपा होता. 'उकिरडे' म्हणून वहीत शोधायला लावायचं. सापडलं नाय की घरी सांगायचं, वाळवी लागली. वाळवीपुढं कोणाचं चालतं?

पण उपाध्ये गुरुजी आडनाव विचारीनात! म्हणले, वह्या गावावार असतात. गाव सांगा, सासऱ्यांचं नाव सांगा. गाव तोंडातून निघून गेलं. मग म्हणलं, सासऱ्यांचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाय. म्हणले, मग नवऱ्याचं सांगा. म्हणलं, त्यांचं तर मुळीच नाय. पोथीतून मान वर करून म्हणले, लग्नात उखाणा तर घेतला असेल, तो सांगा. लय बेरकी. मी म्हणलं, विसरले. म्हणले, मुलाला पाठवा, माताजी. गाव कळलंय, मी वही काढून ठेवतो.

प्लॅन तसा फेल नाय. गुरुजींशी ओळख झाली.

१ ऑगस्ट, रविवार

सगळे गेलो. लाल फडक्यात बांधलेली लांबुळकी वही. जुनी पानं मोडी लिपीत, ती गुरुजींनीच वाचली. झिपरू. झिपरूचा पुंजा. पुंजाचा बारकू. बारकूपाशी एकसष्ट साल आणि निळा अंगठा. आमच्या यांचा.

मनोजनं त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. मी घाटावरची कबुतरं मोजत बसले.

मग गुरुजी म्हणले, आडनाव देवरे.

मनोज म्हणला, पुन्हा वाचा. तिन्ही पिढ्या देवरे. हर्षालीनं तिथंच उडी मारली. मोहिनीच्या डोळ्यांपुढं बोर्ड दिसायला लागला असणार, तिचे ओठ हलत होते.

मनोज माझ्याकडं वळला. मग उकिरडे कुठून आलं? मी म्हणलं, पदवी रे. खजिना पुरल्यावर मिळाली. हर्षाली म्हणली, आजी, म्हणजे एकसष्टनंतर पुरला?

गुरुजी पण हसले. माणूस तसा चांगला नाय.

९ ऑगस्ट

मनोज रजा टाकून गावी गेला. गावात आता आमचं कोणी नाय, शाळा तेवढी हाय. जुन्या रजिस्टरची नक्कल आणली. जून १९७०, पहिली, मनोज बारकू उकिरडे. त्याच्या आधी कुठंच उकिरडे नाय. ह्या दाखल्यावरून पुढं नाशकात रेशनकार्ड, मग यांच्या कंपनीत, मग सगळीकडं. हे अंगठेबहाद्दर. जिथं दाखवलं तिथं उमटवला.

मनोजनं हिशेब लावला. म्हणला, सगळी करणी त्या मास्तराची. गावात सगळे आपल्याला आजीच्या नावानं 'अक्काबाईच्या घरचे' म्हणायचे, मास्तराला आडनाव माहीत नसणार, ठोकून दिलं काहीतरी. मोहिनी म्हणली, पिऊन येत असेल शाळेत. मनोज म्हणला, आई, प्यायचा का गं?

मी म्हणलं, आता एवढं आठवत नाय. पण डोळे लाल असायचे.

जागरणानं पण होतात लाल. ते कोणी विचारलं नाय.

मास्तर जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांना काय फरक पडतोय?

२० ऑगस्ट

वकिलाकडं गेलो. ॲफिडेव्हिट टाइप करून तयार. वाचून दाखवलं. 'तत्कालीन शिक्षकांच्या बेजबाबदारपणामुळे चुकीचे आडनाव नोंदले गेले.' मी म्हणलं, बेजबाबदार जरा जास्त होतं, नजरचूक लिहा. वकील म्हणला, आजी, असं लिहिलं तर काम लवकर होतं. खाली आईची सही. त्यानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. मी म्हणलं, ए, मी चौथी पास. सही करते.

केली.

येताना रिक्षात हर्षाली मला बिलगून बसली. पुढच्या स्पर्धेत भाग घेणारय. हर्षाली मनोज देवरे. चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं, रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. मग म्हणली, आजी, तो मास्तर किती वाईट ना? आपल्या सगळ्यांची वाट लावली.

घरी आल्यावर मी घासलेली भांडी पुन्हा घासली.

२१ ऑगस्ट, सकाळ

मास्तर पीत नव्हते.

त्या दिवशी भाकरी करपली. सासूबाई चार बायांपुढं म्हणल्या, उकिरड्यावरून उचलून आणलीय, हिला काय येणार. मी मनोजचा हात धरला आणि शाळेत गेले नाव घालायला. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी. मास्तरांनी आडनाव विचारलं. मनात म्हणलं, मी उकिरड्यावरची ना? मग चला सगळेच.

यांना रेशनकार्डाच्या वेळी कळलं. हसले. म्हणले, आईला वाचता येत नाय ते बरं.

मास्तरांनी पेन थांबवला होता. दोनदा विचारलं, बाई, नक्की हेच लिहू?

मी म्हणलं, लिहा.