फिरवायचं, मग थांबायचं

आई, काल जासईला तुमच्या घरी टीव्ही लागला. म्हणजे टीव्ही आमच्या खारघरच्या फ्लॅटमधला जुना, अँटेना नवी, पण गच्चीवरचा खांब तुमचाच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या सुनेला आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहितेय. कोरं पान टाकवत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमच्यामागे इथे एकटे राहिलेले बाबा हल्ली विसरतात. जेवलेलं विसरतात, तुम्ही गेलात हेही विसरतात. दिवसभर ठीक असतात, पण दिवेलागण झाली की चपला घालून तुम्हाला शोधायला निघतात. बाहेर आता शेत नाही, आई. यार्डाचा रस्ता आहे, कंटेनरचे ट्रेलर धडधडत जातात. दोनदा शेजारच्या वहिनींनी त्यांना हाताला धरून परत आणलं. खारघरला नेऊन बघितलं, तर लिफ्टच्या दारात उभे राहून रडले. शेवटी मीच दोन पिशव्या भरून इथे राहायला आले. दिवेलागणीला त्यांना घरात धरून ठेवणारी एकच गोष्ट मला आठवत होती, सरकारी वाहिनीवरची भजनं. तुम्ही देवापुढे दिवा लावायचात, ते टीव्हीसमोर बसायचे, आणि भजन संपेपर्यंत हलायचे नाहीत. आम्ही डिश लावून दिली होती, पण तिचे दोन रिमोट. भलतंच बटण दाबतात, निळा पडदा येतो, की उठून चपला. त्यांना एकच बटण हवं. म्हणून अँटेना.

पण तुमच्या वेळची गोष्ट आता राहिली नाही. तेव्हा पडद्यावर मुंग्या यायच्या, मुंग्यांमधूनही माणूस दिसायचा. तुम्ही म्हणायचात, “निम्मा दिसतो ना? निम्मा पुरे.” हे डिजिटल निम्मं देतच नाही. आलं तर लख्ख, नाहीतर चित्राचे चौकोन होऊन थिजतं आणि पडदा काळा. मुंबईचा टॉवर खाडीपलीकडे लांब, त्यात मधे कंटेनरवर कंटेनर रचलेले, लोखंडाची भिंतच. एक दिवस लागायचं, दुसऱ्या दिवशी यार्डात थप्पी वाढली की गेलं. दुकानदाराने बूस्टर दिला, तो मी टीव्हीमागे लावला. काही फरक नाही. मग त्यानेच सांगितलं, ताई, तो वर अँटेनाजवळ लावायचा, वायरीत सिग्नल गळायच्या आधी. पटलं मला. नासलेलं दूध आटवून कुठे बासुंदी होते? जोडाजोडाची वायर काढून अखंड टाकली, खांबाला पाइप जोडून तो उंच केला आणि थप्पीच्या कडेने सिग्नलला वाट मिळेल अशा दुसऱ्या कोपऱ्यात नेला.

काल रविवार, म्हणून हे खारघरहून आले होते. मी गच्चीवर, हे खाली बाबांशेजारी टीव्हीसमोर.

“आलं का?”

“नाही!”

“आता?”

“अगं, फोन कर ना! गावाला कशाला ऐकवतेस?”

“फोन धरू की खांब धरू?”

“मग मी चढतो.”

“आधी गुडघे बघा तुमचे!”

असं करत अख्खा गोल फिरवून झाला. काही नाही. आणि एकदम तुम्ही आठवलात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी याच गच्चीवर घाईघाईने अँटेना फिरवत होते आणि तुम्ही जिन्यातून ओरडलात, “पोरी, थांब ना जराशी! देव तरी पयल्या हाकेला ओ देतो काय?” तेव्हा राग आला होता, माहेरी मला कुणी असं बोललं नव्हतं. काल अर्थ लागला. या टीव्हीला चित्र जुळवायला थोडा वेळ लागतो. मी विचारेपर्यंत माझा हात पुढे गेलेला, आणि आलेलं चित्र मागेच राहिलेलं. मग बोटभर फिरवायची, हात सोडायचा, अकरा वेळा रामनाम घ्यायचं, मगच विचारायचं, असं सुरू केलं.

“झोपलीस काय वर?”

“जप करतेय!”

“आत्ता? तिथे?”

काही वेळाने खालून टाळ ऐकू आले. पाठोपाठ बाबांचा आवाज, कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता इतका मोठा. “अगो, लागला गो तुजा टीवी! ये लवकर!”

हे त्यांना समजावणार, बाबा, आई नाही आता. त्याच्या आत मी वरून म्हटलं, “आले हो!”

बाबा भजन संपेपर्यंत बसले. चपला दाराशी होत्या तशाच. आज यार्डात पुन्हा थप्पी चढली, तरी चित्र टिकलं. आजही त्यांनी तुम्हाला हाक मारली, आजही मीच ओ दिली, स्वयंपाकघरातून. बाबांसाठी देते, असं मी यांना सांगितलं, आणि ते खरंच आहे. पण तुम्हाला तेवढंच सांगून चालणार नाही. हे पान वहीतच राहणार आहे, म्हणून लिहिते. आमच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फोन करतात, आई. मला अशी हाक कुणी मारत नाही. आज भाकऱ्या लवकर उरकून, हात धुऊन, मी त्या हाकेची वाट बघत बसले होते.