टाचण्यांमागचा आवाज

आई, गेल्या महिन्यात मी तिला भेटले. तुझ्या नटीला. तू गेल्याला अठ्ठावीस वर्षं झाली, तरी माझ्या मनात ती अजून ‘तुझी नटी’च आहे, आणि तसं म्हणताना माझा ओठ अजून वाकडा होतो. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

अमेरिकेत ॲन आर्बरला बाबा विद्यापीठात संशोधन करायचे आणि तू तिथल्याच नाटक विभागात कपडे शिवायचीस. शाळा सुटली की मी बसनं थेट तुझ्या त्या तळघरातल्या खोलीत येत असे. ती तिथेच तुला भेटली. कॅरिबियनमधल्या एका लहानशा बेटावरून नाटक शिकायला आलेली, उंच, काळीभोर, हसायला लागली की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून बघायचे. ती झगा घालून स्टुलावर उभी, तू खाली गुडघ्यांवर. तोंडाच्या एका कोपऱ्यात तू चार टाचण्या दाबून धरलेल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून तुझं बोलणं चालू. “स्टँड स्ट्रेट, नो? व्हॉट इज धिस, डान्सिंग?” ती मुद्दाम आणखी हलायची, तू तिच्या पोटरीवर चापटी मारायचीस. मला तू चापटी मारायचीस ती वेगळी, तिला मारायचीस ती वेगळी. नऊ वर्षांच्या मुलीला असला फरक बरोबर कळतो.

शनिवारी ती आपल्याकडे जेवायला यायची. तिला तिच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं की बेटावरचं बोलणं सोडलं नाहीस तर मोलकरणीच्या भूमिकांशिवाय काही मिळणार नाही. म्हणून ती आपल्या स्वयंपाकघरात उच्चार घोटायची आणि समोरच्या पात्राची वाक्यं तू वाचायचीस. कागद मसाल्याच्या डब्याला टेकवलेले. तू तव्यावर थालीपीठ टाकते आहेस, आणि त्याच वेळी तू राजा आहेस, पोलीस आहेस, तिचा प्रियकर आहेस. मी टेबलाशी गणितं सोडवण्याचं सोंग करते आहे. तू प्रियकर झालीस की दोघी इतक्या हसायचात की थालीपीठ करपायचं. माझ्यापायी तुझं कधी काही करपलं नव्हतं, आई.

आणि मग ते जांभळं इरकल. ती न्यूयॉर्कला निघाली तेव्हा पहिल्या ऑडिशनला घालायला तू तिला त्याचं जॅकेट शिवून दिलंस. मी रडून गोंधळ घातला. ते लुगडं मोठेपणी माझं होणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तू म्हणालीस, “तुला इथे सगळं मिळणारच आहे गं. तिला कोण देणार?” मला राग आणखीच आला.

त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट तुला आठवत असेल. शाळेत पालकांना बोलावलं होतं. गाडीतून उतरताना मी म्हणाले, “आई, आत तू बोलू नकोस हं. बाबाच बोलतील. तुझं इंग्लिश ऐकून सगळे हसतात.” बाबा मला रागवायला वळले, तर तू त्यांच्या दंडावर हात ठेवलास. आत तू पूर्ण वेळ हसऱ्या चेहऱ्यानं बसलीस. बाईंनी तुला थेट प्रश्न विचारला, तेव्हाही नुसती मान हलवलीस. पुढे माझ्या मैत्रिणी घरी आल्या की तू त्यांच्यासमोर खाऊ ठेवायचीस आणि आत निघून जायचीस. मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं.

तिकडे ती छोट्या छोट्या नाट्यगृहांतून कामं करत होती. टीव्हीवर आधी नर्स झाली, मग मोलकरीण, मग पुन्हा नर्स. दीड मिनिटाच्या भूमिकेसाठी तू मला हाका मारून सोफ्यावर बसवायचीस. मी कॉलेजला गेले आणि त्याच वर्षी तू गेलीस. ती पुढे न्यायाधीश झाली, राजकारणी झाली, मोठ्या रंगमंचावर गेली. मी इंजिनीअर झाले, लग्न केलं, टेक्सासमध्ये प्लेनोला घर घेतलं. पडद्यावर ती दिसली की मी चॅनल बदलायचे. नवरा विचारायचा, “काय वाकडं केलंय यार तिनं तुझं?” मी म्हणायचे, काही नाही.

तुझे फोटो दोन खोकी भरून आहेत. आवाज मात्र कुठेच नाही. बाबांनी कॅसेटवर गाणी भरून ठेवली, तुला कुणी भरून ठेवलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी किराणा आणायला अर्विंगला निघाले होते. मागच्या सीटवर लेक कार्टून बघत होती आणि हायवेवर मागून तुझा आवाज आला. “वेट, वेट. व्हाय यू आर रनिंग, नो?” तोंडाचा एक कोपरा मिटून, दुसऱ्यातून. मी पहिल्या एक्झिटला गाडी उतरवून एका दुकानासमोर थांबवली. लेक म्हणाली, “मॉम, व्हाय डिड यू स्टॉप?” मी टॅब्लेट हातात घेतला. पडद्यावर चष्मा लावलेली एक म्हातारी हंसीण होती. शेवटी नावं आली, त्यात तिचं नाव. त्या हंसिणीसाठी तिला बक्षीसही मिळालं होतं. लेकीला तिची वाक्यं पाठ होती. सत्तेचाळीसाव्या वर्षी मी एका हंसिणीवर जळत होते.

म्हणून तिचं नाटक डॅलसला आलं तेव्हा मी एकटीच गेले, भांडायच्या तयारीनं. प्रयोगानंतर ती लॉबीत लोकांना भेटत होती. केस पांढरे, हातात काठी. मी तुझं नाव सांगितलं. तिनं काठी शेजारच्या मुलीकडे दिली आणि माझे दोन्ही हात धरले. “म्हणजे तू ती गणितंवाली!”

मी हात सोडवून घेतले. म्हटलं, “तो आवाज माझ्या आईचा आहे. तुम्ही न विचारता घेतलात.”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “पहिल्यांदा रेडिओवर एका म्हातारीचं काम मिळालं, तेव्हा न्यूयॉर्कहून नेहमीसारखाच तिला फोन केला होता. म्हटलं, तुझा आवाज वापरू? ती हसली. म्हणाली, घे की. घरात नुसता पडूनच आहे.”

मग ती हळू आवाजात म्हणाली, “मला प्रत्येकानं माझी जीभ बदलायला सांगितली. तिनं तिची मला देऊन टाकली. त्यानंतरची माझी निम्मी कामं तिच्याच जोरावर आहेत.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की तिनं माझं काहीतरी पळवलं. मी नको म्हणून टाकलेलं तिनं उचललं होतं, आणि सांभाळलंही होतं. तरी सांगते आई, मत्सर गेला नाही. उलट वाढला. तू माझ्यासमोर गप्प बसलीस ती सगळी वर्षं तू तिच्याशी फोनवर बोलत होतीस.

निघताना ती म्हणाली, “तुला ती कशी हाक मारायची, ते मला अजून येतं. मारू?”

मी ताडकन नको म्हटलं, असं घरी सांगितलं आहे. नवऱ्याला, लेकीला, फोनवर बाबांनाही. सगळ्यांना पटलं, माझा स्वभाव ठाऊक आहे त्यांना. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा तुला खरं सांगते. मी हो म्हटलं. तिनं माझं नाव घेतलं, शेवटचं अक्षर तुझ्यासारखं लांबवत, आणि त्या भरलेल्या लॉबीत, सगळे वळून बघतील इतक्या मोठ्यानं, मी ओ दिली.