उंबऱ्यावर वाजलेला राणीछाप

बेळगुंदी, ४ ऑक्टोबर २०२४

ती. मारुतीअण्णास मालूचा साष्टांग नमस्कार.

सडा टाकून झाला होता, म्हशीची धार काढून चरवी आत ठेवली होती, आणि देव घासायला मी चिंच भिजत घालत होते. तेवढ्यात देवघराच्या उंबऱ्यावर रुपया वाजला. परवाची, सर्वपित्रीची गोष्ट. तुला आता फोनवर ऐकू येत नाही, आणि सुनेनं तुझ्या कानात ओरडून सांगावं अशी ही गोष्ट नाही, म्हणून लिहिते.

तो आवाज मी ओळखते. दर लक्ष्मीपूजनाला हे आपला राणीछाप त्या दगडावर टाकायचे, कान देऊन ऐकायचे, आणि अजून खरा हाय गं, तुझं काय, असं मला विचारायचे.

जाताना ह्यांनी एकच मागितलं होतं. रुपया माझ्या तोंडात घाल, दुसऱ्या कुणाकडं देऊ नको, तुझ्या हातानं घाल. त्या दिवशी माझ्याच्यानं ते होईना, म्हणून तू माझ्या मुठीतून तो घेतलास आणि घातलास. माघात तो सरणाबरोबर गेला. परवा उंबऱ्यावर काही दिसलं नाही, आणि देवांचा डबा उपसला तर बाळकृष्णाखाली राणीछाप; मग हा कुठला? दर अमावास्येला मी डबा उपसते. गेल्या महिन्यात नव्हता.

निपाणीच्या सराफाकडे तू चाळीस वर्षं नाणी पारखलीस. खरा-खोटा कसा ओळखायचा ते कळव. खोटा निघाला तर कुणीतरी चेष्टा केली म्हणेन आणि झोपेन.

माया आहे ती अशीच असू दे.
तुझी मालू


निपाणी, १० ऑक्टोबर २०२४

चि. मालूस अनेक आशीर्वाद.

चौथीत शाळा सुटली आणि तू पुस्तकांच्या मागं लागलीस, त्याचं हे फळ. वाचनालयातली भुताची पुस्तकं चार महिने बंद कर.

खोटा रुपया बहुतेक ओतलेला असतो. त्याच्या कडेला बारीक शिवण सापडते. खऱ्याच्या कडेवरच्या रेघा नखाला लागतात. राणीचं नाक आणि मुकुटाचे मणी बघ, ओतलेल्यात ते बुजतात. चुंबक लावून बघ, चांदीला चिकटत नाही. गावातल्या सोनाराकडे वजन कर, साडेअकरा ग्रॅमहून किंचित जास्त भरलं पाहिजे. कारण मात्र सांगू नको. दगडावर टाकलास की खरा बराच वेळ गातो, खोटा ठक् करून गप्प बसतो.

शेवटी मुकुटामागं, केसांखाली, सुईच्या टोकाएवढा टोचा आहे का बघ. तुझ्या लग्नात सासूनं तो ओटीत घातला तेव्हा पारखायला म्हणून मी मारला होता, आणि मांडवातच तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तो नसणारच.

जिवाला जप. पत्र टाकत जा.
तुझा अण्णा


बेळगुंदी, १७ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णास मालूचा नमस्कार.

पाकिटावर तू गं. भा. लिहीत नाहीस, नुसतं मालुबाई लिहितोस. बरं वाटतं.

शिवण नाही. रेघा नखाला लागतात. नाक, मणी स्वच्छ आहेत. चुंबकाला चिकटत नाही. वजन अकरा पूर्णांक सहा. टोचा आहे.

उंबऱ्यावर टाकला तेव्हा तो गात राहिला. गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली आणि तिनं दाराकडे कान केले, हे रताळ्याच्या शेतातून परत आले की करायची तसे.

एक गोष्ट तू लिहिली नव्हतीस. सकाळी डब्यातले पितळेचे देव गार असतात. हा गार नसतो. कुणीतरी रात्रभर मुठीत धरल्यासारखा लागतो.

अण्णा, खरा इथं असेल तर ह्यांच्या तोंडात काय होतं?

आठवण ठेव.
मालू


निपाणी, २४ ऑक्टोबर २०२४

चि. मालूस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माघापासून ठाऊक आहे. मी पेढीवर नवीन असताना खोटा ओळखता यावा म्हणून मालकांनी दिलेला एक खोटा रुपया मी कायम कनवटीला बाळगायचो. आत तांबं, वर चांदीचं पाणी. त्या दिवशी तुझ्या मुठीतून खरा घेतला आणि दाजींच्या तोंडात तो खोटा घातला. खरी चांदी जळू द्यायची नाही, एवढंच चाळीस वर्षं शिकलो. खरा माझ्या पेटीत कसोटीच्या दगडाशेजारी चिंधीत बांधून ठेवला. वर्षश्राद्धाला तुझ्या हातात देणार होतो.

तुझं पहिलं पत्र आल्यावर पेटी उघडायचं धाडस झालं नाही. काल उघडली. चिंधीची गाठ माझीच आहे. आत रुपया आहे. राणीचं नाक बुजलेलं, कडेला शिवण, आणि एक बाजू राखेतून काढल्यासारखी काळी. फरशीवर टाकला, मला काही ऐकू आलं नाही. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, मामंजी, वाजलाच न्हाय.

पेटीची किल्ली माझ्या करगोट्याला असते.

तू धाकटी, तुझ्या पाया पडता येत नाही. एवढं समजून घे.
मारुती


बेळगुंदी, ३ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णास मालूचा नमस्कार.

तुझं पत्र लक्ष्मीपूजनादिवशी आलं. राग आला. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत टिकला. माझी मूठ मीच उघडली होती.

तू खोटा घातलास तो तुझ्याकडे परत आला. माझ्या हातून जो द्यायचा राहिला तो माझ्याकडे आला. ह्यांचा हिशेब नेहमी असाच सरळ असायचा. काळा रुपया टाकू नकोस, सांभाळ. रात्री किल्ली मात्र उशाखाली घेऊन जागू नकोस, ह्यांना ती लागत नाही. वर्षश्राद्धाला ये, रताळी उकडून ठेवते.

लोभ कमी झालेला नाही.
तुझी मालू

ता. क. खऱ्याचं काय केलं म्हणून विचारशील. त्या दिवशी पूजेत ठेवला, ह्यांच्यासारखा उंबऱ्यावर वाजवला. दुसऱ्या दिवशी सडा टाकून, धार काढून मार्कंडेय नदीच्या काठी ह्यांना जाळलं तिथं गेले, आणि तो माझ्या हातानं पाण्यात सोडला.