ती नुसती बसलेली असते

प्रिय गुंडी,

ओळखलंस का मला? मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. शिलाईच्या दुकानात खिडकीपाशी बसायची ती, जाड चष्म्याची. लहानपणी तू शाळेत जाताना डबा विसरायचीस, येताना दप्तर विसरायचीस, आणि एकदा तर एकाच पायात बूट घालून घरी आलीस आणि दुसरा कुठे आहे ते संध्याकाळपर्यंत तुला आठवलं नाही. आता तू पालिकेत मोठी अधिकारी झालीस, तेव्हा विसरणंही त्या मानाचं हवं. बूट, डबे सोडून तू माणसं विसरायला लागलीस. म्हणून म्हटलं, आधी ओळख करून द्यावी, मग भांडावं.

लिहितेय तुझी आई. मला अक्षर येत नाही हे तरी तुझ्या लक्षात असेल. तिला ताकीद दिली आहे की मी बोलेन तसं लिहायचं, पाकात घोळवायचं नाही. मला वाचता येत नसलं तरी लांबी कळते. आत्ताच मी एवढं बोलले आणि कागदावर बघते तर दीड ओळ. विचारलं, तर म्हणे आशय तोच आहे. आशय तुझ्याजवळ ठेव म्हटलं, माझे शब्द लिही. तेव्हापासून मुकाट्याने लिहितेय. फोन का नाही केला, असं विचारशील. फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो, आणि तुझ्याकडे लावला की तू मीटिंगमध्ये असतेस. शिवाय फोन कापता येतो. पत्र कापलंस तर दोन पत्रं होतील, दोन्ही वाच.

तर गुंडे, मी रागावले आहे. वरवरची नाही, चांगली आतून, खालच्या अस्तरापर्यंत.

ते दूरदर्शनवर तू आलीस ना, त्या संध्याकाळची गोष्ट. तुझ्या आईने पडदा पुसून घेतला, जसा काही तुझ्या तोंडालाच डाग असणार होता. समोरचा न्हावी आणि त्याची बायको दाराबाहेर अंतर ठेवून उभे होते, चाव्या बनवणारा खिडकीतून बघत होता. साथ सुरू झाल्यापासून इतकी माणसं आमच्या दाराशी आली नव्हती. तू आलीस, निळा सदरा घालून, हनुवटीखाली मास्क ओढून. तो मास्क बघूनच मी ओळखला. कानाची दोरी जिथे जोडतात तिथे मी दोन उलटे टाके घालते, सरळ घातले तर दोरी आठवड्यात सुटते. साथीच्या सुरुवातीला पालिकेच्या सफाईवाल्यांसाठी म्हणून आम्ही तिघांनी ते मास्क शिवले होते. तुझ्या बापाने बेतले, आईने चुण्या पाडून इस्त्री केली, मी दोऱ्या जोडल्या. मी न्हाव्याच्या बायकोला म्हटलं, बघ, माझी नात माझं काम हनुवटीला लावून बसली आहे. ती हसली. मीही हसले. मग तू बोलायला लागलीस.

छान बोललीस. बंद पडलेल्या लहान धंद्यांना पालिका मदत देणार, दुकानात जितके कामगार तितकी मदत, म्हणजे कोणाला कामावरून काढावं लागणार नाही. चाव्यावाल्याने बाहेरून मान डोलावली. मग त्या विचारणाऱ्या माणसाने विचारलं की यात लबाडी नाही का होणार, आणि तू हसलीस. लहानपणापासूनचं तुझं ते हसणं, डावा ओठ आधी वर जातो. हसून म्हणालीस, “नाही होणार. घरातल्या माणसांना कामगार धरायचंच नाही, असा नियम मी स्वतः घातला आहे. नाहीतर लोक घरी नुसत्या बसलेल्या बायकांचीही नावं लावतील.”

तुझ्या आईच्या हातात पडदा पुसायचं फडकं होतं. ते तिने घडी करून, पुन्हा उलगडून, पुन्हा घडी केलं. न्हाव्याच्या बायकोला एकदम घरी दूध तापत ठेवल्याचं आठवलं. त्यांच्या दुकानातले टॉवेल उकळणं, वस्तरे धुणं, केर काढणं सगळं ती करते. तीही नुसतीच बसलेली. आणि तुझा बाप काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, स्पष्ट बोलली, अडखळली नाही कुठे. आणि उठून मशीनला तेल घालत बसला. चार महिने न चाललेल्या मशीनला.

कारण मशीन चालायला काम लागतं. तुला तुझ्या बापाने सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. शाळेच्या सदऱ्यांची मोठी ऑर्डर होती. कापड आणून, बेतून, शिवून झालं, काजं झाली, बटणं लावून झाली आणि शाळाच बंद. ते सदरे अजून फळीवर आहेत. ज्या पोरांच्या मापाचे होते ती पोरं घरात बसून वाढली. आता शाळा उघडली तरी ते कोणाच्या अंगाला येणार? तुझा बाप रोज त्यांच्यावरची धूळ झटकतो आणि घड्या मोडून नव्या घालतो, म्हणजे घडीवर कापड विरत नाही. तू फोन केलास की सांगतो, चाललंय बरं. तू त्याला व्हिटॅमिनच्या गोळ्या पाठवतेस. तो त्या खातो आणि सदऱ्यांच्या घड्या घालतो.

मग आमचा मदतीचा अर्ज तपासायला तुमचा तपासनीस आला. बिचारा पोरगेला होता, उंबऱ्याबाहेरूनच बघत होता, त्याच्या हातात कागद अडकवायची पाटी. त्याचा मला राग नाही, उंटावरून शेळ्या हाकणारी तू, तो बिचारा शेळ्यांमागे धावणारा. त्याने विचारलं, दुकानात किती जण काम करतात. आता दुकान काय मैदान आहे का? आठ हात लांबीचं दुकान. तुझ्या आईच्या हातात वाफेची इस्त्री होती, कोणाचीतरी एक पँट आली होती त्या दिवशी. मी खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होते. सगळं त्याला दिसत होतं. तुझा बाप म्हणाला, मी एकटा. पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, मग या आजी? आणि माझ्या मुलाने, माझ्या मांडीवर ज्याने पहिला टाका घातला त्या मुलाने सांगितलं, “ती नुसती बसलेली असते.”

माझी सुई तिथेच थांबली. इतक्या वर्षांत हातातली सुई अशी थांबलेली नव्हती, तुझे आजोबा गेले त्या आठवड्यातही नाही. तुझ्या आईने इस्त्री उभी ठेवायची तर आडवी ठेवली आणि पँटवर तिचा ठसा उमटला. हे ती लिहायला तयार नव्हती. म्हटलं, लिही, तो ठसा कोणाचा ते नातीला कळू दे.

तपासनीस गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. म्हणजे तुझ्या बापाला. तो म्हणाला, नियम पोरीने घातला आहे, तिच्या नियमाला बापानेच भोक पाडायचं का, उद्या कोणी तिच्याकडे बोट दाखवलं तर? तू ताठ मानेने बसावीस म्हणून त्याने आम्हा दोघींना बसवलं. आता यावर रागवावं की रडावं, तूच सांग. मी रागावणं पसंत केलं, रडण्याने दोरा ओला होतो.

आणि गुंडे, तुला हे नाव कशाने पडलं? रांगत होतीस तेव्हा माझ्या डब्यातली गुंडी उचलून तोंडात घातलीस आणि गिळलीस. दोन दिवस आम्ही तिघं तुझ्या मागे. निघाली एकदाची. तीच धुऊन, उकळून मी तुझ्या पहिल्या झबल्याला लावली. कात्रणांच्या टोपलीत तू झोपायचीस. बेतायच्या टेबलाखाली बसून कापडावर मारायच्या खडूने अक्षरं गिरवायचीस, तुझ्या आईची तुरपाई चालू असताना ती पायाने तुला झोका द्यायची. आमच्या दुकानात पगार नव्हता, गल्ला होता. ज्याला लागेल त्याने घ्यायचं आणि ज्याला जास्त लागेल त्याच्यासाठी बाकीच्यांनी हात आखडायचा. जास्त तुला लागायचं. पुस्तकं, वसतिगृह, परीक्षा, तो निळा सदरा. आम्ही पगार घेतला असता तर तुझ्यासाठी उरलं नसतं. पगार घेतला नाही म्हणून तू शिकलीस, आणि शिकून तू ठरवलंस की ज्यांना पगार नाही ते काम करत नाहीत. वा. नाकापेक्षा मोती जड झाला, आणि तो मोती आम्हीच ओवला.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. लोक लबाड असतात, आजी. असतात ना. मी तुझ्यापेक्षा जास्त लबाड पाहिलेत, माप द्यायला सगळेच पोट आत ओढून उभे राहतात. पण म्हणून आम्ही टेप फेकून नाही दिली. म्हटलं, श्वास सोडा आणि मग पुन्हा मोजलं. तुला एकदा उंबऱ्याच्या आत येऊन बघायचं होतं, बस. आत यायची वाट तुला माहीत होती. तुझ्या त्या पाटीवाल्या पोराला नसेल, तुला होती.

आता पुढची बातमी, आणि ही लिहिताना तुझ्या आईचा हात थांबलाय, तरी मी थांबणार नाही. तुझी आई गेल्या महिन्यापासून हमरस्त्यावरच्या कपड्यांच्या कारखान्यात जाते. सकाळी गाडी येते न्यायला. तिथे काय करते? तुरपाई आणि इस्त्री. तीच तुरपाई, तीच इस्त्री. आत्ता हे पत्र लिहितेय ते तिथून आल्यावर, पाय गरम पाण्याच्या बादलीत ठेवून. कारखान्याच्या मालकाला तुमची मदत मिळाली, माणसं मोजून मिळाली, आणि त्यात तुझी आई धरलेली आहे. म्हणजे तुझ्याच पालिकेच्या लेखी ती आपल्या दुकानात होती तोवर बसलेली होती, आणि दुसऱ्याच्या दारात गेली तशी उठून उभी राहिली. हे मला कोणीतरी समजावून सांगा. मी अडाणी बाई, माझ्या डोक्यात शिरत नाही. ज्यांच्या शिरतं त्यांच्याबद्दल मला आता शंका यायला लागली आहे.

आणि आपल्या दुकानात कामगारच नाहीत म्हणून मदत नाकारली, तेव्हा तुझा बाप महिनाअखेरीला दुकानाची किल्ली परत देणार आहे. भाडं थकलं आहे, ते मालकाने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायची वेळ तुझा बाप येऊ देणार नाही. बेतायचं टेबल दारातून निघत नाही, ते कापावं लागेल. काल तो त्याच्यावर खडूने रेघा मारत होता, कुठून कापायचं त्याच्या.

तर गुंडे, हे पत्र तुला दुःख व्हावं म्हणून नाही लिहिलं. परवा तुमची गाडी भोंगा लावून गल्लीतून गेली. ज्यांना मदत नाकारली त्यांनी येत्या सोमवारी पालिकेत येऊन हरकत सांगावी म्हणे. भोंग्याला अक्षरं लागत नाहीत, मी खिडकीतून सगळं ऐकलं. ऐकायला तू बसणार आहेस, हे न्हाव्याने चौकशी करून आणलं. तुझा बाप येणार नव्हता, लेकीसमोर हात जोडून उभा राहणार नाही म्हणाला. म्हणून त्याला सांगितलं आहे की सोमवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. पालिकेच्या पायऱ्यांपाशी पोहोचेपर्यंत त्याला कळणार नाही, आणि कळल्यावर म्हातारीला पायरीवर सोडून पळण्याइतका तो वाईट नाही. तुझ्या आईने सुट्टी टाकली आहे. मी सुई, दोरा आणि त्यातला एक शाळेचा सदरा घेऊन येतेय, एक जादा शिवला होता, तो बिनकाजाचाच राहिलाय. माझा नंबर आला की तू खुर्चीवरून उठू नकोस. मला आजी म्हणू नकोस. डोळ्यांत पाणी आणू नकोस, तुझ्या समोर बाकीचेही बसलेले असतील आणि त्यांची कोणी नात त्या खुर्चीत बसलेली नाही. परक्या बाईला विचारतेस तसं मला विचार, तुम्ही काय काम करता? मी तुझ्यासमोर काज करून दाखवेन. मग तुझ्या आईला विचार. मग तुझ्या बापाला विचार की दुकानात किती जण काम करतात, आणि तो खरं बोलेपर्यंत थांब. ते झालं की तुझा नियम तुझ्यापुढे ठेव आणि काय करायचं ते कर. आमच्या एकट्यांसाठी काही करू नकोस, न्हाव्याची बायको आमच्या मागेच उभी असेल.

मला सही येत नाही आणि अंगठ्याची शाई हाताला राहते, पांढऱ्या कापडाला लागते. म्हणून खाली कागदालाच एक काज केलं आहे. बाजूने थोडा फाटला, कागदाला काय कळतं.

तुझीच,
अजून सुई हातात धरलेली,
आजी

ता. क. सोमवारी रांग मोठी असणार आणि तुमच्याकडे साधं पाणी मिळत नाही असं ऐकलंय. तेव्हा सकाळीच पायऱ्यांवर डबा पाठव. मऊ भात, उकडलेले बटाटे, वर थोडं मीठ, तिखट नको, माझे दात आता मोजकेच आहेत. आणि डबा तिघांचा पाठव. एकाचा नाही, तिघांचा.